रेणूचा दाखला

नाही जी, नाही आले गुरुजी अजून — आता कितीदा सांगू राजकुमारभाऊ, थे दिघोरीले गेले केंद्रावर, निकालाचे कागद घेऊन. येतील. साहेब लवकर भेटले तं लवकर येतील, नाही भेटले तं उशिरा येतील. तुमी बसा ना. त्या गोणीवर नोको, तांदूळ हाये त्याच्यात, लेकरायचा घास होय थो — या स्टुलावर बसा. दुकानात कोण बसलं? घरवाली? मंग तं काहीच चिंता नाही, तिचा हिशोब तुमच्यापेक्षा पक्का. पाणी देऊ? माठातलं हाये. शाळा सोडल्याच्या दाखल्याचं म्हणाल तं मले काही मालूम नाही. मी खिचडी शिजवणारी बाई, चौदा साल झाले या चुलीपाशी. दाखले-बिखले गुरुजीचं काम. झाला असंन, नसंन झाला, मले काय ठाऊक? तुमी बसा. पोट्टे आत्ताच गेले घरी, सकाळची शाळा ना, उन्हं वाढाच्या आत सोडून देतो. मले अजून खिचडीचे हे दोन गंज घासाचे हायेत. तुमी बोला, मी घासते — नाही तं मीच बोलते.

एक तारखेले निकाल हाये, मालूम हाये ना? सकाळी साडेसातले झेंडा, मंग गाणं, मंग निकाल, मंग लाडू. लाडू मी करून राहिली, मोहफुलाचे. हसू नोका. वाळल्या मोहाचे, तीळ-गूळ घालून, नशा नाही होत त्यानं — तालुक्याच्या पाककृती स्पर्धेत दुसरा नंबर आला माह्या लाडवायचा. पहिला कोणाचा आला तं इडलीचा. इडली! लाखांदूर तालुक्यात धानाची अन् मोहाची खाण असून इडलीले पहिला नंबर. जाऊ द्या. पण मी सांगून राहिली थे हे का औंदा साल मस्त गेलं शाळेचं. परसबागेत कोहळं निघालं नऊ किलोचं, तुमच्याच दुकानाच्या काट्यावर मोजलं, आठवते ना? सांबार, गुरुजी कोथिंबीर म्हणतात थो, तं इतका झाला का पोट्टे घरी नेत होते. अन् गॅदरिंग! तुमी आले नाही गॅदरिंगले. दुकान होतं, हाव, मालूम हाये. तुमची रेणू वाघ झाली होती. सगळ्यात बारकी पोट्टी अन् वाघ! शिकारी झाला होता चवथीतला एक ढ्याम्या, तिच्या दुप्पट अंगाचा, थो स्टेजवर गेला अन् संवादच विसरला — नुसता उभा, बंदूक धरून. मंग वाघानं काय केलं? वाघ त्याच्यापाशी गेला अन् कानात त्याचा संवाद सांगतला, अन् मंग मांगं सरकून गुरगुरला. सारं गाव पोट धरून हासलं. तुमची माय तं डोळे पुसून राहिली होती हासता हासता. हेच रेणू पहिलीत आली तवा कशी होती? सहा महिने तोंडातून शब्द नाही. गुरुजी विचारे, मॅडम विचारे, थे नुसती पायाच्या अंगठ्यानं माती उकरे. माह्यापाशी येऊन बसे इथं, खिचडी हालवाच्या सराट्याकडे पाहत. मी म्हणो, बसू द्या, भाताले बी वेळ लागते शिजाले.

काय म्हणता? इंग्रजी शाळेची शीट भरून जाईल? भरू द्या, अजून एप्रिल हाये. शाळा चांगलीच हाये थे, मी वाईट नाही म्हणत. पिवळी गाडी दारापाशी येते, टाय देतात, बूट देतात. पोरगी सकाळी साडेसहाले झोपेत गाडीत बसंन अन् झोपेतच उतरंन, इतकंच. तुमाले वाटते पोरगी पुढं जावी, कोणाले नाही वाटत? मले बी वाटे, माह्या पोराले लाखांदूरले टाकलं होतं मी, आठवीपासून. पण थे आठवीपासून. अन् पटाचं म्हणाल तं पट तुमचं काम नाही, गुरुजीचं काम होय — चवथीचे पाच जाऊन राहिले, पहिलीत पाच येऊन राहिले, मी सारी टोली घरोघरी फिरून आली, कोणाचं लेकरू सहा वर्षाचं झालं, कोणाचं होऊन राहिलं. मले पट ताटावरून समजते. वीस ताटं. रेणू गेली का एकोणीस. वीसच्या खाली गेलं का शाळा दुसऱ्या गावच्या शाळेत मिसळवतात म्हणतात लोकं, खरं-खोटं देवाले ठाऊक. मी त्याच्यासाठी नाही बोलून राहिली. माही खिचडी कोठीबी शिजंन.

या महिन्यात तं मले वीसाचा बी हिशोब नाही लागला. मोहाचा हंगाम ना. पहाटे चारले पोट्टे मोहफुलं वेचाले मायबापासंग, मंग शाळेत येणार सात वाजता, कोणी आठ वाजता, कोणी आलंच तं बेंचवर मान टाकून झोपणार. गुरुजीनं काय केलं असंन? रागावले? नाही जी. परीक्षा एक घंटा उशिरा केली. म्हणे, मोहाचं झाड पोट्ट्यायची सुट्टी पाहून गळत नाही. असा माणूस होय थो. मी दारात उभी राहो अन् एकेकाचा हात हुंगो — ज्याच्या हाताले मोहाचा वास, त्याले दोन पळ्या जास्ती. रेणूच्या हाताले वास नाही, तुमचं दुकान, तुमाले कशाले लागते मोह — पण थे मुद्दाम हात फुलायले घासून येई. जास्ती खिचडीसाठी नाही. साऱ्यायसारखा वास यावा म्हणून. आता सांगा, अशी पोरगी तुमी कागदाचा एक तुकडा देऊन उचलून नेणार, अन् कागदावर काय तं कारण — ‘पालकाच्या विनंतीवरून’. पालकाच्या! लेकराच्या विनंतीचा रकाना हाये का त्याच्यावर कोठी? नाही. अन् वागणूक? ‘चांगली’. चांगली म्हणे! मी तं भांडली गुरुजीसंग, म्हटलं निदान ‘उत्तम’ लिवा —

काय?

मले कसं मालूम काय लिवलं म्हणून? — असंच. सगळ्यायच्या दाखल्यावर तेच असते ना. गुरुजी बोलून राहिले होते — नाही, मी नाही पाह्यला — आता असे नोका पाहू माह्याकडे, भाऊ. बरं. झाला हाये दाखला. सकाळीच झाला. गुरुजी जाता जाता माह्यापाशी देऊन गेले, म्हणे रंभाबाई, राजकुमारभाऊ आले का देऊन द्या, त्यायले तिष्ठत नोका ठेवू. अन् मी ठेवलं. पाऊण घंटा झाला ना? हाव, माही चूक हाये. कान पकडते. गुरुजीले नोका सांगू. थो पहा, तिखटाच्या डब्याखाली हाये, हळदीचा डाग बी नाही लागू दिला मी. देते, देते, हात तं धुऊ द्या.

अन् वाचला मीच. हाव, मीच! रंभाबाईनं वाचला. शिक्क्यापासून तं सहीपर्यंत, एकेक अक्षर बोट ठेवून. सकाळी खिचडी खाली लागली थोडी त्याच्यापायी. बावन्न वर्षाची झाली मी, चौदा साल या शाळेत, फळ्यासमोरून रोज दहादा जाणार — अन् फळा म्हणजे मले चुन्याचे डाग. कोणी शिकवलं? तुमच्या पोरीनं. दुसरं कोण? शाळा सुटली का थे इथं थांबते, तुमी म्हणता खेळून राहिली असंन. खेळत नाही. शिकवते. हातात सराटा घेऊन, छडी म्हणून. चुकलं का दहादा लिवाले लावते, राखेत, बोटानं. मले म्हणते, ‘रंभाबाई, लक्ष कोठी हाये?’ मी म्हणते गंजाकडे, तं म्हणते, ‘गंज पळून नाही चालला.’ सहा महिने शब्द नाही बोलली थे पोरगी! अन् मार्चमधी साक्षरतेची परीक्षा झाली ना रविवारी, मोठ्या माणसायची, इथंच, तिसरीच्या वर्गात — तिच्यात आमी दोघी बी पास.

दोघी म्हणजे — दोघी म्हणजे मी अन् दुसरी एक. हाये एक बाई. नाव नाही सांगाचं, शपथ घातली तिनं. तुमाले काय कराचं हाये? हाये टोलीतली... आता बाप्पा, माही जीभ. एकदा सुटली का बैल सुटल्यावानी. बरं, सांगा मले, सकाळची शाळा झाल्यापासून तुमची माय रोज अकरा वाजता कोठी जाते? पोथी आयकाले? कोणत्या देवळात भर उन्हात अकरा वाजता पोथी असते, भाऊ? तुमाले कधी शक नाही आला?

हाव. शकुनबाई.

उठू नोका. बसा. आता निघालंच तं पुरं आयका. दसऱ्याच्या आधी तुमच्या दुकानात झालं थे आठवते? गिऱ्हाईकानं खाण्याचा सोडा मांगतला अन् तुमच्या मायनं धुण्याचा दिला, पुड्या सारख्याच दिसे म्हणून. तुमी हासले. म्हटलं, ‘माह्या मायले काळं अक्षर म्हैस बराबर.’ चार माणसं होती तवा, थे बी हासले. माय बी हासली, मी पाह्यलं ना, मी तेल घ्याले उभी होती. तुमी वाईट मनानं नाही म्हटलं. मालूम हाये. पण दुसऱ्या दिवशी थे इथं आली, या दारात उभी राह्यली, पदर तोंडाले लावून, अन् म्हणे, ‘रंभा, मले बी बसू देशीन का?’ तिच्याच नातीसमोर बसली, मांडी घालून. लाखांदूरच्या स्टँडवर एकदा चुकीच्या यष्टीत बसून वडशाले गेली होती, तुमाले सांगतलं का बहिणीकडे मुक्काम केला — कोणाचा मुक्काम? रडत बसली होती थे वडशाच्या स्टँडवर. आता साऱ्या पाट्या वाचते. मागच्या आठवड्यात दिघोरीची गाडी स्वतः ओळखून आली, कंडक्टरले सांगतलं बी, ‘मी वाचून बसली.’ अन् परीक्षेत सवाल होता, घरातल्या माणसायची नावं लिवा. पहिलं नाव तिनं कोणाचं लिवलं असंन? देवाचं नाही, नवऱ्याचं नाही. राजकुमार. इतकं दाबून लिवलं का पेन्सिलीचं टोक तुटलं, मी माही दिली.

पाणी प्या. घ्या. डोळ्यात धूर गेला असंन, चूल विझवली तरी राहते धूर.

आता एक तारखेले गुरुजी आमाले दोघीले प्रमाणपत्र देणार, झेंड्याखाली. म्हणजे गुरुजी नाही देणार. गुरुजी म्हणे, ज्यानं शिकवलं त्यानंच द्याचं. रेणू देणार. नवा फ्रॉक नाही मांगतला तिनं, सराटा मांगतला — म्हणे मी सराटा घेऊनच उभी राहीन. तुमची माय म्हणते, राजकुमारले नोका सांगू, त्याले दुकान हाये, थो नाही येणार. मंग मी काय म्हणू? मी म्हटलं, सांगू तं नाही. पण आज तुमी दाखला नेला तं तिचं नाव पटावरून गेलं, मंग एक तारखेले थे या शाळेची नाही. पाहुणी. मले थे नाही पाहवत, म्हणून बसवून ठेवलं तुमाले. आता सारं सांगून टाकलं, माह्या पोटात काही राह्यलं नाही. हा घ्या दाखला. पोरगी तुमची, कागद तुमचा. मी कोण रोकणार?

घ्या ना. काहून हात मांगं घेता?

थांबा — कोण बोलून राहिलं बाहेर? अरे बाप्पा! अकरा वाजले का? घड्याळीकडे पाह्यलंच नाही मी. थे पहा, फाटकातून — पुढं रेणू, आजीले आणाले गेली होती थे, अन् मांगून तुमची माय, डोक्यावर पदर, काखेत पाटी. तुमाले इथं पाह्यलं तं थे जमिनीत गडून जाईल, अन् मले जितं नाही सोडणार. उठा, उठा! मांगच्या दारानं जा, परसबागेतून, कोहळ्याच्या वेलावर पाय नोका देऊ. अन् हा कागद? घेता का ठेवू? मुंडी नोका हालवू, तोंडानं सांगा — ठेवू? परत डब्याखाली? किती दिवस? बरं, थे मले नोका सांगू, पोरीले सांगा. अन् एक तारखेले साडेसातले या, दुकानाले कुलूप लावून या. आता जा म्हणते ना — चप्पल! चप्पल घेऊन जा, भाऊ, एवढी मोठी चप्पल माही होय म्हणून सांगू का —

या या, शकुनबाई, बसा! कोणी नाही जी, कोण राहणार इथं? मीच एकटी बडबडून राहिली होती गंजासंग.