पाठीतलं पाणी

शिंपीणबाई गुडघ्याच्या एक्स-रेसाठी बसल्या होत्या, पण कान शेजारच्या दोघींकडे होते.

"दोन वर्षं वेडाच्या गोळ्या खाल्ल्या गं लेकीनं. मला ओळखायचीसुद्धा नाही."

"मग?"

"एका डॉक्टरीणबाईंनी पाठीतलं पाणी काढून तपासलं. मेंदूला सूज निघाली. रोगाशी लढणारी अंगातली ताकदच उलटून मेंदूवर धावून गेलेली."

"आणि आता?"

"औषध चालू आहे. काल चहात साखर जास्त झाली म्हणून माझ्याशी कडाकडा भांडली. अगं, मी रडलेच आनंदानं!"

शिंपीणबाईंनी पिशवीतून मापांची जुनी वही काढली.

"ताई, त्या तपासणीचं नाव लिहून द्याल?"

"कुणासाठी हो?"

"धाकट्या बहिणीसाठी. बारा वर्षं वेड्यांच्या इस्पितळात आहे. इथे लिहा, तिच्याच मापांखाली."