नेमकं कुठलं, दोक?

सन्माननीय अध्यक्षा डॉ. गार्दोसे, व्यासपीठावरचे फादर एलियास, इलोइलोच्या आपल्या इस्पितळातील सहकारी बंधुभगिनींनो, आणि सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या थोरल्या ताई, मानांग पुरिता! बाहेर मोलोचं सूप निवतंय, याची मला कल्पना आहे. तरी हाडांच्या डॉक्टरला चार मिनिटं सोसा.

आम्ही डॉक्टर दुखणं लिहितो, मानांग इस्पितळाच्या नोंदीसाठी त्याला त्या आजाराचा ठरलेला कोड देतात. तळघरातल्या नोंदींच्या खोलीत एकतीस वर्षं, आज निवृत्त होईपर्यंत! आणि आम्ही लिहितो काय? ‘गुडघ्याला मार.’ झालं! मग डॉक्टरच्या नावे निळी चिठ्ठी वर येते: ‘नेमकं कुठलं, दोक?’ ही चिठ्ठी न मिळालेला कुणी आहे का इथं? असलाच तर तो दातांचा डॉक्टर असणार, त्याच्याकडे दातागणिक नंबर असतो.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. रेनांते तीनचाकी ट्रायसिकल चालवायचा आणि जत्रेच्या बास्केटबॉलमध्ये रबरी चपलांवर उड्या मारायचा. उपांत्य सामन्यात पडला. इस्पितळात एक रात्र ठेवला, मी घाईत ‘बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं’ असं लिहिलं, पट्टा दिला आणि म्हटलं, “शनिवारचा अंतिम सामना खेळ खुशाल.” शनिवारी दुपारी निळी चिठ्ठी आली. मी तणतणत खाली गेलो.

“मानांग, डॉक्टर तुम्ही की मी?”

“तुम्हीच हो, दोक. म्हणून तर विचारते. तुमचंच लिहिलेलं वाचा की मोठ्यानं.”

वाचलं. ‘उडीवरून उतरताना आतून कट्‌कन आवाज. तासाभरात गुडघा टम्म.’ ही तर गुडघ्याच्या आतलं, पुढचं लिगामेंट तुटल्याची खूण. त्यावर पुन्हा उडी मारली, तर गुडघा कायमचा कामातून जाणार.

“मग तुम्हीच कोड बदलायचा ना!”

“मी कोण बदलणार? कागदात असेल तोच कोड. पण सामना तीनला आहे, नि तुम्ही अजून इथंच!”

धावलो. पोरगं मैदानात पट्टा आवळत होतं. बाकावर आडवं करून नडगी पुढे ओढली, तर कपाटाच्या खणासारखी सरकत आली! सामना थांबवला म्हणून अख्ख्या गावानं मला शिव्या घातल्या. रेनांते रडला. घरी जाऊन मीही रडलो, लाजेनं. मग शस्त्रक्रिया झाली, वर्षभर व्यायाम झाला. रेनांते, उभा राहा रे! बघा, पोरीला खांद्यावर घेऊन उभा आहे.

आता मानपत्र. आपण त्यात ‘विविध मोलाच्या सेवांबद्दल’ असं छापलं होतं. काल ते निळ्या चिठ्ठीसकट परत आलं! मग मी हातानं लिहिलं: ‘रेनांतेचा डावा गुडघा, पुढचं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं. डॉक्टरकडून सुटलं. पुरिता गेल्वेसोन यांनी विचारलं, म्हणून सापडलं.’

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही चुकलं असेल तर पदरात घ्या. आणि मानांग, तुम्ही मात्र घेऊ नका. नेमकं कुठं चुकलं, ते लिहून पाठवा. उद्यापासून कोण विचारणार हो आम्हाला?