वन बी ट्वेंटी

चहा गार झाला तरी चालेल राव, पण आमच्या जगतापभाऊंचं ऐका. चाकणच्या कंपनीत ते गाड्यांचा रंग तपासतात. बॉनेटपेक्षा दरवाजा जरा जरी गडद दिसला, की गाडी परत! मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून टकलावर विग घ्यायला ते मला पिंपरीत घेऊन गेले.

दुकानदार म्हणाला, "एक नंबर म्हणजे काळाकुट्ट. वन बी म्हणजे साधा काळा. तुमचे कानाजवळचे केस पिकलेत, तुम्ही वन बी ट्वेंटी घ्या. त्यात वीस टक्के पांढरे असतात."

"पैसे देऊन पांढरे केस घेऊ?" भाऊ भडकले. "एक नंबरच द्या!"

रविवारी पाहुणे आले. मुलाचे वडील सारखे भाऊंच्या डोक्याकडेच बघत होते. शेवटी ते भाऊंना बाजूला गॅलरीत, उन्हात घेऊन गेले. स्थळ हातचं गेलं असं वाटून मीही मागोमाग गेलो.

पाहुणे हळूच म्हणाले, "एक नंबर घेतलात ना? पहिल्यांदा मीही तेच केलं होतं." मग स्वतःच्या करड्या भांगावरून हात फिरवत म्हणाले, "हा वन बी ट्वेंटी. लग्नाच्या फोटोंआधी बदलून घ्या, व्याही!"