नदीपलीकडे जाऊन बोलायचं

ऑरिन : पण फोनवरच बोलायचंय ना? मग त्यासाठी नदी ओलांडायची कशाला? घरात खुर्चीवर बसून नसतं का बोलता आलं?

ज्युडिथ : चौथ्यांदा सांगतेय, बाबा. समुपदेशन करणाऱ्या बाईंचं लायसन्स विस्कॉन्सिनचं आणि आपलं घर नदीच्या अलीकडे, आयोवात. आपण त्यांच्या राज्यात असलो तरच त्यांना आपल्याशी बोलता येतं.

ऑरिन : दुःखालासुद्धा हद्द आखून ठेवलीय लोकांनी. धन्य आहे!

ज्युडिथ : आपल्या भागातल्या, असं समुपदेशन करणाऱ्या सोशल वर्करांची यादी काढली मी. अकरा नावं. सहा जणींकडे जागाच नाही, तिघींचे फोन बंद, एक निवृत्त होऊन ॲरिझोनाला गेली.

ऑरिन : आणि अकरावी?

ज्युडिथ : अकरावी आपल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. मेलो तरी तिच्यापुढे तोंड उघडणार नाही, असं तूच म्हणालास.

ऑरिन : मग काय तर! गुरुवारी तिच्यापुढे रडायचं आणि रविवारी तिच्याच सुरात गायचं? छे!

ज्युडिथ : म्हणून या टॉलेफसनबाई. नऊ वाजता फोन करतील.

ऑरिन : काय धुकं पडलंय बघ. पूल कधी संपला कळलंच नाही. आपला काठ गेला कुठं? हल्ली असंच होतं गं. जागा आहे की झोपेत, माझं मलाच समजत नाही.

ज्युडिथ : काल सूप उतू जाऊन करपलं, तू शेजारी उभा होतास. मला भीती वाटते, बाबा. दादा बुडाला त्याला दोन वर्षं झाली. तू त्याचं नावही घेत नाहीस. मी घेतलं की उठून जातोस. दादा गेलाच, आता तूही हळूहळू चाललायस.

ऑरिन : ...इथंच सापडला ना तो? याच काठाला?

ज्युडिथ : जरा खाली, त्या झाडांपाशी. फोनला रेंज इथंच मिळते रे. आधी सांगायला हवं होतं मी. चल, परत जाऊ.

ऑरिन : राहू दे. दोन वर्षं या काठाकडे पाठ करून बसलो. वाटायचं, भयंकर जागा असेल. इथं तर बदकं पोहतायत. किती शांत आहे सगळं.

(फोन वाजतो.)

टॉलेफसन : नमस्कार, ऑरिन. मी इंग्रिड टॉलेफसन. आधी नियमाचे दोन प्रश्न विचारते हं. आत्ता तुम्ही कुठं आहात?

ऑरिन : विस्कॉन्सिनमध्ये. नदीकाठी, गाडीत.

टॉलेफसन : सोबत कोणी आहे?

ऑरिन : मुलगी आहे.

ज्युडिथ : मी उतरते, बाबा. जरा चालून येते. तू मोकळेपणानं बोल.

ऑरिन : बस गं तू. बाई, ती थांबली तर चालेल ना? गेला तो तिचा भाऊ होता.

टॉलेफसन : तुम्हा दोघांना चालत असेल तर मलाही चालेल. सावकाश होऊ द्या. मला घाई नाही.

ऑरिन : त्याचं नाव वेंडल. पोहायला मीच शिकवलं होतं त्याला.