पाचवा अध्याय दोनदा

...तर ती सोनूबाई मला म्हणते, "मावशी, उठा पाटावरून." मारुतीच्या मंडपात, भरल्या बायकांत, माझ्या मांडीवर पोथीची पानं उघडी असताना मला म्हणते उठा. तुम्हीच सांगा, वडीगोद्रीत एकवीस श्रावण झाले मी पोथी वाचते, आजवर त्या पाटावरून मला, तुळजाबाईला, कोणी उठवलं न्हाई. एकदा पाटाखालून विंचू निघाला तरी मी उठले न्हाई, बाकीच्या उठल्या. अन् ही अंगणवाडीत लेकरांना गाणी शिकवते, सातवी पास आहे, म्हणून ही उठवणार मला? गुन्हा काय म्हणाल तर, "हा पाचवा अध्याय तुम्ही कालच वाचला, आज परत तोच वाचून राह्यल्या. मावशी, तुमचं डोकं गेलं."

आता हे मी घरात सांगितलं, गल्लीत सांगितलं, तुम्हालाही सांगते. डोकं गेलं न्हाई, थकलंय. दोन्हीत लई फरक आहे. गेलेलं माणूस परत येत न्हाई, थकलेलं जरा टेकतं, पाणी पितं अन् उठतं. हे मी मनानं बोलत न्हाई, जालन्याचा डॉक्टर बोलला.

थकलं कशानं? जयवंताबाईनं थकवलं. माझी धाकटी जाऊ. चाळीस वर्षं आमची भिंत एक अन् भांडण एक. सकाळी चुलीच्या राखेवरून सुरू व्हायचं, दुपारी दोघी जेवून घटकाभर पडायचो, चार वाजता उठून बराबर जिथं सोडलं तिथून पुढं. कोणाच्या डोक्याला एवढी मेहनत असते का हो? तिच्या माहेरची माणसं तिला आठवत नव्हती तेवढी मला पाठ होती, कोण दारू प्यायचा, कोण लग्नातून रुसून गेल्ता, सगळं. अन् मागच्या माघात गेली. झोपेत. भांडण अर्धं टाकून. आदल्या दिवशी म्हणाली होती की तिच्या कढईला भोक मी पाडलं. मी रात्रभर उत्तर तयार केलं, असं उत्तर की ती आठ दिवस भिंतीजवळ आली नसती. अजून आहे माझ्यापाशी ते. देऊ कोणाला?

मंग मी पडले. ताप न्हाई, खोकला न्हाई, उठावंच वाटेना. पिठात हात घालून बसायची, अन् हे पीठ कशाला घेतलं ते आठवेना. दूध माझ्या डोळ्यांसमोर उतू जायचं, मी बघत बसायची, जसं काही शेजाऱ्याचं दूध. लोक म्हणाले, म्हातारपण. म्हातारपण काय एसटीनं येतं का, माघात न्हाई अन् फाल्गुनात उतरलं? पण मला भ्या वाटलं ते दुधाचं न्हाई. अक्षरांचं. मी शाळेचं तोंड पाहिलेलं न्हाई. माझ्या भावाची, अप्पारावची पाटी पुसायचं काम माझ्याकडं होतं, पुसायच्या आधी मी वाचून घ्यायची. गूळ ज्या कागदात यायचा तो कागद मी गुळाच्या आधी संपवायची. अशी एकेक करून जमवलेली अक्षरं, अन् आता ओळ वाचली की मागची ओळ गायब. डोळ्यांपुढं दिसतंय, आत काही जाईना. जयवंताबाईच्या मातीला मी रडले न्हाई, त्या दिवशी पोथी पुढ्यात घेऊन रडले.

मुलगा रायभान मला जुन्या जालन्यात घेऊन गेला. खाली कापडाचं दुकान, वर डॉक्टर. डॉक्टर म्हणजे पोरगंच, पण बोलायला गोड. "आजी, आज वार कोणता?" म्हणलं, "तुमचा दवाखाना उघडा आहे म्हणजे रविवार न्हाई, एवढं पुरे." हसला. म्हणाला, "तीन शब्द सांगतो, ध्यानात ठेवा, थोड्या वेळानं विचारीन. आंबा, खुर्ची, किल्ली." मी घट्ट धरले. मंग तो विचारायला लागला, झोप येते का, जेवण जातं का, जगावं वाटतं का... अन् मी जयवंताबाईचं सांगायला लागले ते कढईच्या भोकापर्यंत आले, बाहेर माणसं खोळंबली, त्यानं गोळ्या लिहिल्या, नमस्कार केला, अन् तीन शब्द विचारायचे राहूनच गेले की. एसटीत मी धरून बसले. घरी आले तरी धरून. पाच महिने झाले. चष्मा कुठं ठेवला आठवत न्हाई, नातवाला हाक मारताना आधी घरातली चार नावं घेते, पण आंबा, खुर्ची, किल्ली बिलकुल हलत न्हाईत. विसरला तो, अन् गोळ्या मला.

पण एक गोष्ट तो बराबर बोलला. "आजी, मन आजारी पडलं की डोकंही मंद चालतं. ते गेलेलं नाही, थकलेलं आहे. येईल हळूहळू. तोवर आठवण ठेवायचं काम डोक्यावर टाकू नका, बाहेर कुठंतरी ठेवा." बाहेर कुठं ठेवू? पदरावर ठेवलं. गोळी घेतली की गाठ. हरभरा भिजत घातला की गाठ. अन् गरज संपली की सोडायची. सून बेबीनंदा म्हणायची, "आत्याबाई, तुमचा पदर म्हणजे मासे धरायचं जाळं झालंय." होऊ दे. चाललं होतं माझं. श्रावणात पोथीसाठी वेगळं लुगडं काढलं, रोज एक अध्याय, रोज एक गाठ. आमच्या पोथीची पानं सुटी, खूण ठेवावी तर मंडपातला पंखा ती उडवतो, गाठ कुठं उडती? चार दिवस चार गाठी. पाचव्या दिवशी पाचवी मारली, अन् तिच्यात प्रसादाचे फुटाणे बांधले, नातवासाठी.

इथं घात झाला. फुटाण्यांना मुंग्या लागल्या. बेबीनंदा चांगल्या मनाची, तिनं गाठ सोडली, फुटाणे झटकले, पदर धुतला, वाळवला, घडी करून ठेवला. चार गाठींना हात लावला न्हाई. सहाव्या दिवशी मी पाटावर बसले, पदर चाचपला, चार. म्हणजे आज पाचवा. लावला सूर.

अर्धा अध्याय झाल्यावर ही सोनूबाई उठली. बेबीनंदा मागून म्हणते, "आत्याबाईंची चूक न्हाई, मुंग्या होत्या." बाया हसल्या. द्वारकाबाई म्हणाली, "असू द्या, देवाचंच आहे, दोनदा ऐकलं म्हणून काय बिघडलं?" सोनूबाई म्हणते, "मंग उद्या तिसऱ्यांदा ऐका. मावशी, सरका, मी वाचते." अन् पानांना हात घातला. मी वरून माझा हात दाबला. तुम्हाला सांगते, दिवसातला तेवढा एक तास माझं डोकं काठीशिवाय चालतं. त्या पाटावरून एकदा उठले असते तर परत मला कोणी बसवलं नसतं, अन् मी घरी जाऊन पुन्हा पडले असते, हे मला कळत होतं. डोकं गेलं न्हाई, म्हणूनच कळत होतं.

म्हणलं, "काल पाचवा ऐकला म्हणता ना सगळ्या? मंग सांगा बरं, काय झालं पाचव्यात?"



द्वारकाबाई म्हणाली, "राजा होता एक."

"राजा सगळ्याच अध्यायांत असतो. पुढं?"

"राणी रुसली," आसराबाई म्हणाली.

"ते मागच्या वर्षी."

"प्रसादाला फुटाणे होते," मागून कोणीतरी म्हणालं, अन् त्याला मात्र सगळ्यांनी माना हलवल्या.

मी चष्मा कपाळावर सारला अन् सोनूबाईकडं बघितलं. तिला घाम आल्ता. पण पोरगी हुशार, मान वर करून म्हणते, "मंग तुम्हीच सांगा की मावशी. तुम्ही काल वाचला, आज अर्धा वाचला. काय झालं पाचव्यात?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी आत चाचपलं. आंबा होता, खुर्ची होती, किल्ली होती. राजा नव्हता. म्हणलं असतं की राजाला साप चावला, तर कोणाला कळणार होतं? सगळ्यांनी हात जोडले असते. पण एकवीस वर्षं त्या पाटावर खोटं वाचलं न्हाई. म्हणून खरं तेच बोलले, अन् त्यावर सोनूबाईनं पानांवरचा हात काढला, खाली बसली, अन् द्वारकाबाईनं माझा चष्मा माझ्याच कपाळावरून खाली ओढून डोळ्यांवर ठेवला.

म्हणलं, "अगं बाई, मला आठवत असतं तर मी परत कशाला वाचला असता?"