तोंडानं न घेतलेलं नाव

१९७४ सालची गोष्ट. कारंज्याच्या एसटी स्टँडवर दोन नणंद-भावजया वाशीमच्या गाडीची वाट बघत होत्या. शेजारी वच्छला मास्तरीण विज्ञानाचे पेपर तपासत बसली होती. त्यांचं बोलणं कानी पडलं, तसा तिचा लाल पेन थांबला.

“पानावयनी, वाचनालयवाले आज माह्या भावाले शाल देऊन राह्यले. मंग तो घरी काहून झोपला?”

“गुडघे दुखतात म्हणे, सूरज. ‘लिहिलं तू, तूच जा’ म्हणाले.”

“कादंबरी तू लिहिली, बंगालीवरून भाषांतर तू केलं, कारंज्याचा इतिहास तू जमवला. अन् तिन्ही पुस्तकांवर नाव माणिकचंदचं.”

“छापणारा म्हणे, बाईचं नाव पाहून कोणी घेणार नाही. चाळीस वर्षं झाली त्याले.”

“माह्या भावाले दुकानाची पाटी सरळ लिहिता येत नाही.”

“हळू बोल.”

“तिथं लेखक कोण म्हणून इचारलं, तर त्याचं नाव सांगशीन?”

“लग्नापासून त्यांचं नाव मी तोंडानं घेतलं नाही. आता चारचौघांत घेऊ?”

“मंग काय सांगशीन?”

“तेच तर समजून नाही राह्यलं मले.”

वच्छलानं पेपर मिटले. तो इतिहास ती शाळेत मुलांना वाचून दाखवत असे.

“बाई, कारंज्याचा इतिहास कोणी लिहिला हो?”

पानाबाईंनी पदर सारखा केला. सूरजबाई मुद्दाम रस्त्याकडे बघत होत्या.

“मी,” पानाबाई म्हणाल्या.

“हां,” सूरजबाई म्हणाल्या. “आता गाडी आली तरी चालते.”