गेममधली फाटकी चादर

श्रीनू आता पुण्याला असतो, पण त्याची ती येडी पैज मला अजून आटवती. त्याच्या गेममदल्या हिरोला त्या हिरोच्याच मेलेल्या आईची फाटकी चादर मिळाली. पिशवीत जागा मोजकीच, तरी गडी म्हणला, "शेवटपर्यंत नेणार. न्हाय नेली तर माझी सायकल तुझी!"

चादरीपायी त्यानं चांगल्या तलवारी टाकल्या. शेवटच्या गावात पोचला, तर पिशवीत चादरच न्हाय!

रडत त्यानं माझी गचांडी धरली. "सायकलीसाठी तूच विकलीस!"

"आईशप्पत, म्या न्हाय!"

तेवढ्यात त्याचे वडील विणायच्या मागावरनं उठून आले. "सोड त्याला. तू शाळेत असताना मीच विकली. आपण चादरी विणणारी माणसं, अन तुझ्या गेममदलं पोरगं फाटकी घेऊन फिरतंय! तिथल्याच दुकानातनं नवी घेऊन पांघरली की त्याच्या अंगावर."